बंगळूरहून होदिगेरेकडे : वाऱ्याचा एक दिवस

बंगळूरच्या मल्लेश्वरम् भागात काडु मल्लेश्वराचे एक जुने देवालय आहे. ‘काडु’ म्हणजे कन्नडमध्ये रान. आज त्या देवालयाभोवती रान उरलेले नाही. फुलवाल्यांच्या टोपल्या, रिक्षांची रांग आणि सकाळी फिरायला निघालेल्या पेन्शनरांचे घोळके एवढेच काय ते दिसते. परंतु १६६९ साली शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांनी या देवाच्या पूजेअर्चेसाठी एक गाव इनाम दिले, तेव्हा येथे खरोखरीचे रान असले पाहिजे. तो दानलेख दगडावर कोरलेला आहे. मराठी माणसाने बंगळुरास जावे, विधानसौध पाहावे, लालबाग पाहावी आणि या लेखाची वार्ताही नसताना परत यावे, असे नेहमी घडते. मीही दोनदा तसाच परतलो होतो.

या खेपेस मात्र माझी यात्रा त्या देवळाच्या पायऱ्यांपासूनच सुरू झाली. ऑगस्टचा दुसरा आठवडा होता, पहाटेचे पाच वाजले होते, आणि मी व माझे मामा दोन सायकली धरून तेथे उभे होतो. मामांनी आत जाऊन देवाचा अंगारा कागदाच्या पुडीत बांधून आणला आणि ती पुडी सदऱ्याच्या वरच्या खिशात जपून ठेवली. हा अंगारा होदिगेरे येथे शहाजीराजांच्या समाधीवर वाहायचा, असा त्यांचा संकल्प होता. संकल्प मूळचा त्यांचा नव्हे. माझे आजोबा शिवणकामाच्या निमित्ताने बंगळुरास येऊन स्थायिक झाले होते, आणि ‘एकदा सायकलवरून होदिगेरेला जाऊन येऊ’ हे वाक्य ते दरवर्षी एकदा तरी बोलत असत. ते गेले, वाक्य राहिले. मामा निवृत्त झाले, एकसष्ट वर्षांचे झाले, आणि मग त्या वाक्याचे ऋण त्यांना अधिक जाणवू लागले.

ज्या वाचकांना हा संदर्भ नवा असेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. विजापूरच्या रणदुल्लाखानाने १६३८ साली केंपेगौडाच्या वंशजाकडून बंगळूर घेतले आणि तो प्रदेश पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत आला. राजांचा दरबार येथे होता. त्यांचा आश्रित कवी जयराम पिंड्ये याचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य इतिहासाचार्य राजवाड्यांनी संपादून आपल्या हाती दिले आहे, आणि त्या दरबारात किती भाषा नांदत होत्या हे त्यावरून कळते. २३ जानेवारी १६६४ रोजी होदिगेरेच्या रानात शिकार करीत असता घोडा अडखळून राजे पडले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. होदिगेरे हे गाव आजच्या दावणगेरे जिल्ह्यात चन्नगिरी तालुक्यात आहे. राजांमागे बंगळूरही फार दिवस भोसल्यांकडे राहिले नाही. १६८७ साली ते मोगलांनी घेतले आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराजाने तीन लाख रुपयांस आपलेसे केले. आज त्या रकमेत बंगळुरात मोटार उभी करण्यापुरती जागा मिळाली तरी माणसाने स्वतःला भाग्यवान समजावे.

मामांची सायकल म्हणजे काळी, उंच, जाड नळ्यांची ॲटलास. ब्रेकला तारा नाहीत, सळ्या आहेत. गिअर नाहीत. पुढे डायनॅमोचा दिवा आणि मागे लोखंडी कॅरिअर. जलहळ्ळीच्या घड्याळांच्या कारखान्यात त्यांनी आयुष्य काढले आणि रोजची ये-जा याच सायकलीवरून केली. २०१६ साली सरकारने घड्याळांची ती कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. मामा घरी बसले, सायकल मात्र बसली नाही. त्यांच्या मनगटावर अजूनही चावीचे ‘जनता’ घड्याळ असते आणि रोज सकाळी मोजून चावी दिल्याशिवाय ते चहाला हात लावीत नाहीत. माझी सायकल उसनी आणलेली, हलकी व अनेक गिअरांची होती. वय माझे अडतीस. दिवसाचे आठ तास खुर्चीवर बसून दुसऱ्यांची वाक्ये मराठीत आणण्याचा माझा व्यवसाय आहे. परंतु निघण्यापूर्वी दोन महिने मी रोज सकाळी वीस किलोमीटर सायकल चालवून तयारी केली होती, आणि त्या तयारीचा मला थोडा गर्वच झाला होता, हे आताच कबूल करून टाकतो.

निघताना मामींनी मला बाजूला घेतले. “यांची अँजिओप्लास्टी होऊन दोन वर्षं झालीत, ठाऊक आहे ना तुला? डॉक्टर हो म्हणाले म्हणून मी हो म्हटलं. पण तू बरोबर आहेस म्हणून सोडते आहे. प्रत्येक गावी फोन करायचा.” मी मान डोलावली. मामांना सांभाळून नेण्याची जबाबदारी माझी, असा या संभाषणाचा अर्थ मी घेतला होता.

पहिल्या दिवसाविषयी फारसे सांगण्याजोगे नाही, कारण तो सुखाचा होता. यशवंतपूर, गोरगुंटेपाळ्य, पीण्य ही बंगळूरची कारखान्यांची बाजू उजाडण्यापूर्वीच मागे पडली. डोक्यावरून मेट्रोचा लोहमार्ग जातो, त्याच्या खांबांमधून ट्रकांचे दिवे येत होते. रंगीबेरंगी शिरस्त्राणे घातलेली तरुण मुले झपाट्याने आमच्या पुढे निघून गेली. बंगळुरात हल्ली लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीचा छंद फार वाढला आहे. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करावयाचे, अशा नियमबद्ध फेऱ्याही निघतात. त्यांपैकी एकाने मामांच्या ॲटलासकडे पाहून आदराने हात वर केला. दाबसपेटेजवळ शिवगंगेचा डोंगर दिसू लागला. एका बाजूने तो बसलेल्या नंदीसारखा दिसतो, असे सांगतात, आणि तो खरोखरच तसा दिसतो. तुमकूरच्या अलीकडे क्यातसंद्र येथे ताटाएवढ्या पसरट इडल्या खाल्ल्या. जवळच सिद्धगंगा मठ आहे. तेथील शिवकुमार स्वामी २०१९ साली वयाच्या एकशे अकराव्या वर्षी समाधिस्थ झाले. हजारो मुलांच्या विनामूल्य भोजनाची व शिक्षणाची त्यांनी घालून दिलेली व्यवस्था आजही चालू आहे. पुढे कळ्ळंबेळ्ळच्या विस्तीर्ण तळ्याच्या काठाने जाऊन दिवस मावळताना आम्ही शिऱ्यास पोहोचलो. सुमारे १२० किलोमीटर झाले होते.

त्या रात्री लॉजच्या गच्चीवर बसून मी मामांना १९२३ साली मुंबईहून निघालेल्या सहा पारशी तरुणांची गोष्ट सांगितली. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२८ साली परत आले. सुमारे ७१,००० किलोमीटरांचा तो प्रवास, वाटेत वाळवंटे, बर्फाळ घाट आणि दाट जंगले. “आपले तर ऐंशी किलोमीटरच उरले आहेत चित्रदुर्गापर्यंत,” मी म्हणालो, “आणि तेही बहुतेक उतारावर.” मी आकडे पाहून ठेवले होते. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंच, हिरियूर सहाशेच्या आसपास, आणि तेथून चित्रदुर्गापर्यंतची चढण अगदी बेताची. मामा म्हणाले, “पहाटे पाचला निघू. नंतर वारा उठतो.” मी म्हणालो, शिरे पाहिल्याशिवाय कसे जायचे? १६८७ नंतर दक्षिणेतील मोगल सुभ्याची ही राजधानी. १६९६ सालची जामा मशीद आणि मलिक रिहानची कबर न पाहता पुढे जाणे हा इतिहासाचा अपमान ठरेल. मामांनी वाद घातला नाही. इतिहासाचा अपमान टळला आणि आम्ही शिऱ्याहून निघालो तेव्हा नऊ वाजून गेले होते.

आता त्या वाऱ्याविषयी. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीवर आपला पाऊस रिता करतात आणि घाट ओलांडून या पठारावर कोरडे उतरतात. हिरियूर, चळ्ळकेरे हा कर्नाटकातील अत्यंत कमी पावसाचा टापू. ऑगस्टात येथे आकाश काळ्या ढगांनी भरलेले असते, ते ढग घाईघाईने पूर्वेकडे निघून जातात आणि थेंबही पडत नाही. पहाटे जमीन गार असते, वारा जमिनीलगत मंद असतो. ऊन तापू लागले की हवा घुसळली जाते, वरच्या थरांतील वेगवान वारा खाली उतरतो आणि दुपारी तो आपल्या पूर्ण बळाने वाहतो. चित्रदुर्गाच्या डोंगरांवर पवनचक्क्या उभारल्या आहेत त्या काही शोभेसाठी नव्हेत. आणि आमचा रस्ता शिऱ्याहून वायव्येकडे जातो, हिरियूरनंतर तर अधिकच पश्चिमेकडे वळतो, म्हणजे नेमका त्या वाऱ्याच्या तोंडात शिरतो.

मी नकाशावर उतार पाहिला होता, वारा पाहिला नव्हता. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे शाळेत शिकलो होतो. समजा, सायकलीचा वेग ताशी १८ किलोमीटर आहे आणि समोरून वारा ताशी २५ चा आहे. सायकलस्वाराच्या छातीला हवा ४३ च्या वेगाने भिडते. ४३ ला १८ ने भागून त्याचा वर्ग करा, हवेचा अडथळा जवळजवळ पावणेसहापट होतो. हा हिशेब मी पुढे बिछान्यात पडून केला. त्या दिवशी रस्त्यावर माझी बुद्धी पाढे म्हणण्याइतकीही ठिकाणावर नव्हती.

पहिले पंधरा किलोमीटर ठीक गेले. मग उतार आला, आणि उतारावरही पायडल मारणे भाग पडले. पायडल थांबवले की सायकल थांबे. हा अनुभव अपमानास्पद असतो. चढावर दमलेला मनुष्य निदान चढाकडे बोट दाखवू शकतो, येथे बोट दाखवायला समोर काहीच नव्हते. कानांत अखंड घोंगावणे, त्यामुळे शेजारच्याशी बोलता येत नव्हते. मागून येणारा ट्रक जवळ येईपर्यंत ऐकू येत नव्हता. तो गेला की क्षणभर हवेची पोकळी पुढे ओढी आणि लगेच दुप्पट धक्का मागे लोटी. दोन्ही बाजूंना तांबडी माती, मधूनच भुईमुगाची शेते, आणि वेड्या बाभळीचे रान. मी सर्व गिअर वापरून पाहिले. शेवटी सर्वांत हलक्या गिअरवर, चालणाऱ्या माणसाच्या दुप्पट वेगाने, रस्त्याकडेच्या पांढऱ्या रेषेवर नजर ठेवून चालवीत राहिलो.

मामा तेव्हा पुढे झाले. मला वाटले, त्यांना घाई झाली आहे. थोड्या वेळाने ध्यानात आले की ते माझ्यापासून बरोबर हातभर अंतर ठेवून आपल्या उंच, ताठ बैठकीने माझ्यासमोर वाऱ्याला आडवे झाले होते. त्यांच्या पाठीमागे वाऱ्याचा जोर निम्मा वाटत होता. गिअर नसलेल्या त्या जड सायकलीवर ते संथ लयीत पाय मारीत होते, आणि मी मागे वळणाऱ्या त्यांच्या सदऱ्याच्या सोग्याकडे पाहत चाललो होतो. मी दोनदा ओरडून म्हणालो, “मामा, आता मी पुढे होतो.” त्यांना ऐकू आले नाही. की ऐकू आले होते?

हिरियुरात साडेबारा वाजून गेले होते. वेदवतीच्या काठच्या या गावापासून काही अंतरावर वाणीविलास सागर हे धरण आहे. १८९८ च्या सुमारास त्याचे काम सुरू होऊन १९०७ साली ते पुरे झाले. या कोरड्या मुलुखाचे दैव त्या धरणावर अवलंबून आहे. १९३३ साली ते काठोकाठ भरले आणि पुन्हा तसे भरलेले पाहायला लोकांना २०२२ सालापर्यंत वाट पाहावी लागली. मला ते पाहण्याची तीव्र इच्छा होती. शिऱ्याची मशीद पाहून झाली नसती तर कदाचित तिचा उल्लेखही केला असता. खाणावळीत मामांनी नाचणीची मुद्दी आणि सार घेतले. माझ्या घशाखाली अन्न उतरेना. मी दोन बाटल्या थंड सरबत प्यालो, आणि तीच दुसरी चूक होती. उन्हात घाम गाळलेल्या शरीराला मीठ हवे होते, अन्न हवे होते. मी त्याला साखरेचे पाणी दिले.

मामींना फोन केला. मामांच्या फोनची बॅटरी संपत आली होती, म्हणून तो मी माझ्या पिशवीतील बॅटरी-डब्याला जोडून पिशवीतच ठेवला. पंक्चरचे नवे सामानही त्याच पिशवीत होते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, मी ठेवली नाही.

हिरियूर सोडल्यावर सात-आठ किलोमीटरांवर माझ्या पोटऱ्यांत गोळे आले, मळमळू लागले आणि मी सायकल आडवी टाकून रस्त्याकडेला बसलो. मामांनी माझे पाय चोळले, आपल्या डब्यातले मीठ घातलेले ताक पाजले. पाऊण तास गेला. उठून उभा राहिलो तर डोळ्यांपुढे अंधारी आली. एवढ्यात कांद्याची रिकामी पोती नेणारा एक लहान टेंपो थांबला. चालकाने मामांशी कन्नडमध्ये चार वाक्ये केली आणि मागचे फळकूट खाली सोडले.

“तू ऐमंगलपर्यंत जा,” मामा म्हणाले. “दहा-बारा किलोमीटर आहे. तिथं चहाच्या दुकानाशी बस. मी येतो.”

“तुम्हीही चला ना. सायकली दोन्ही बसतील.”

“मी येतो रे. तासाभराची तर वाट आहे.”

मी आग्रह केला नाही. का केला नाही, याचे उत्तर मी पुष्कळदा शोधले आहे. मामींना दिलेला शब्द त्या क्षणी मला आठवलाच नाही असे नव्हे. तो आठवला, आणि पोत्यांवर पडल्याबरोबर जी विश्रांती मिळाली तिच्यापुढे तो फिका पडला. टेंपो निघाला. वाऱ्याला पाठमोरा बसून मी मागे पाहत होतो. काळ्या सायकलीवरची ती ताठ आकृती लहान होत होत एका वळणाआड गेली.

ऐमंगलला पोहोचलो तेव्हा तीन वाजत आले होते. दुकानदाराने बाकावर निजायला सांगितले. चहा आणि मिठाची बिस्किटे पोटात गेली आणि अर्ध्या तासात मला माणसात आल्यासारखे वाटले. मग रस्त्याकडे डोळे लावून बसलो. चार वाजले. सव्वाचार झाले. हिशेबाने मामा केव्हाच यायला हवे होते. फोन करावा म्हणून मी माझा फोन काढला, त्यांचा क्रमांक लावला, आणि माझ्या मांडीजवळच्या पिशवीतून घंटी वाजू लागली.

तो क्षण मी विसरणार नाही. पिशवी उघडून पाहिले. त्यांचा फोन, पंक्चरचे सामान, पाण्याची मोठी बाटली, औषधांची डबीसुद्धा, सगळे काही माझ्यापाशी होते. त्यांच्याजवळ एक लहान बाटली आणि अंगाऱ्याची पुडी. मी फोन बंद करतो न करतो तोच तो हातात पुन्हा वाजला. पडद्यावर मामींचे नाव होते.

“कुठं आलात?”

“ऐमंगलला, मामी.”

“हे कुठे आहेत?”

“इथंच,” मी म्हणालो. “चहा घेत आहेत.”

“बरं. जास्त साखर घालू देऊ नकोस.”

इतके सहज खोटे मी यापूर्वी कधी बोललो नव्हतो. दुकानदाराला पैसे देऊन मी सायकल उलट्या दिशेने वळवली. आणि काय सांगावे! जो वारा सकाळपासून छातीवर बसला होता त्याने पाठीला हात लावला आणि सायकल पक्ष्यासारखी निघाली. कानांतले घोंगावणे एकाएकी थांबले, टायरांचा आवाज ऐकू येऊ लागला, कुठेतरी शेळ्या ओरडत होत्या तेही ऐकू आले. इतका सुखद वेग मला आयुष्यात लाभला नव्हता, आणि त्या सबंध वेळात रस्त्याच्या प्रत्येक वळणावर काय दिसेल या भयाने माझ्या तोंडचे पाणी पळाले होते. दूर रस्त्याकडेला काही काळे दिसले की पोटात खड्डा पडे. एकदा तो टायरचा फाटका तुकडा निघाला, एकदा झुडूप.

सहाएक किलोमीटरांवर एका लिंबाच्या झाडाखाली ॲटलास उलटी करून ठेवलेली दिसली. चाके आकाशाकडे, आणि शेजारी मामा मांडी घालून बसलेले. त्यांच्यासमोर एक मेंढपाळ काठीवर हनुवटी टेकून उभा होता आणि त्यांच्या मेंढ्या झाडाच्या सावलीत दाटीने बसल्या होत्या. मी उतरलो तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना.

मामांनी घड्याळ पाहिले. “पाचला पाच कमी. सोल्युशन आहे ना तुझ्याकडे?”

वेड्या बाभळीचा काटा मागच्या टायरात शिरला होता. चाक न काढता टायरची एक बाजू सोडून ट्यूब बाहेर ओढण्याची जुनी रीत मामांना अवगत होती, परंतु ट्यूब बाहेर काढल्यावर भोक सापडेना. एरवी हवा भरून ट्यूब कानाशी धरली की फुसफुस ऐकू येते, गालाशी धरली की झुळूक लागते. त्या वाऱ्यात ना कानाला कळे ना गालाला. शेवटी मेंढपाळाने आपल्या पाण्याच्या भांड्यातले पाणी डब्याच्या झाकणात ओतले आणि त्यात ट्यूब बुडवून बुडबुडा शोधला. भोक सापडले, पण मामांच्या हत्यारांच्या पिशवीतील सोल्युशनची नळी केव्हाच वाळून खडा झालेली. मेंढपाळाजवळ फोन होता. परंतु मामांना पाठ असलेला क्रमांक एकच होता, तो मामींचा.

“तिला कशाला घाबरवायचं?” ते म्हणाले. “तू येशील हे ठाऊक होतं.”

“आणि मी आलोच नसतो तर?”

“तर ढकलत आलो असतो. हे अण्णा म्हणत होते, त्यांच्या वाडीवर रात्री मुक्काम करा.” मेंढपाळ हसला. त्याला मराठी कळत नव्हते, पण आपल्याविषयी काही चालले आहे हे त्याने ओळखले.

मी ठिगळ लावायला बसलो. हात थरथरत होते. मामांनी काही न बोलता ट्यूब माझ्या हातांतून घेतली, कागदाने घासली, सोल्युशन लावून फुंकर न घालता वाळू दिले, आणि अंगठ्याने ठिगळ दाबून धरले. घड्याळे जुळवण्यात आयुष्य गेलेली ती बोटे वाऱ्यातही हलत नव्हती. मग मी जे बोलायचे होते ते बोलून टाकले. मी त्यांना सोडून जायला नको होते, निदान पिशवी तरी द्यायला हवी होती, आणि मी मामींशी खोटे बोललो. त्यांनी शेवटच्या गोष्टीवर मात्र मान वर केली. “काय म्हणालास?”

“चहा घेत आहेत म्हणालो.”

“अय्यो,” एवढेच ते म्हणाले आणि पंप माझ्या हातात दिला.

साडेपाचच्या पुढे आम्ही पुन्हा निघालो. या खेपेस मी पुढे झालो आणि त्यांनी होऊ दिले. ऐमंगलच्या दुकानदाराने आम्हांला बघून आत जाऊन पत्नीला बोलावून आणले व आमच्याकडे बोट दाखवून काही सांगितले. त्याने दुसऱ्या चहाचे पैसे घेतले नाहीत. ऊन कलले तसा वाऱ्याचा जोर ओसरला, पण थांबला असे नाही. डोंगरमाथ्यावरच्या पवनचक्क्या आता स्पष्ट दिसू लागल्या. चक्की नेहमी वाऱ्याकडे तोंड करून फिरते, म्हणून पूर्वेकडून येणाऱ्या आम्हांला त्यांच्या पाठी दिसत होत्या. इतक्या साऱ्या प्रचंड आकृती आपल्याचसारख्या पश्चिमेकडे तोंड करून त्याच वाऱ्याला सामोऱ्या उभ्या आहेत, हे पाहून का कोण जाणे मला बरे वाटले. अंधार पडला तेव्हा मामांनी डायनॅमो चाकाला टेकवला. त्याची घरघर आणि पिवळा हलता उजेड मागून माझ्या सावलीला रस्त्यावर लांबवर ढकलीत होता. चित्रदुर्गाच्या शिळांचे ढीग काळोखात एखाद्या झोपलेल्या कळपासारखे वाटत होते. १७७९ साली हैदरअलीने हा किल्ला घेतला तोपर्यंत नायकांनी त्याला किती काळ दाद दिली नव्हती, वगैरे माहिती मी वाचून ठेवली होती. ती सांगण्याचे बळ नव्हते आणि मामांना ती ऐकण्याची गरज नव्हती. आठ वाजता आम्ही गावात शिरलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता निघालो. निघण्याची वेळ कोणी ठरवली हे सांगणे नलगे. वारा उठेपर्यंत होळल्केरे गाठले होते. पुढे मुलूख हळूहळू हिरवा होत जातो, चन्नगिरीच्या बाजूला सुपारीच्या बागा लागतात, आणि त्या उंच सडपातळ झाडांच्या रांगांमुळे वाऱ्याची धार बोथट होते. दुपार टळल्यावर होदिगेरे आले. समाधी साधी आहे. ज्याच्या पराक्रमाच्या कहाण्या विजापूरपासून तंजावरपर्यंत सांगितल्या जातात त्याच्या स्मारकासमोर मनुष्य जी भव्यता मनात घेऊन जातो तिच्या मानाने फारच साधी. काही दगड, थोडी मोकळी जागा, भोवती शेते. मामांनी खिशातून पुडी काढली. दोन दिवसांच्या घामाने कागद भिजून अंगारा त्याला चिकटला होता. त्यांनी नखाने खरवडून तो काढला, दगडाला लावला, आणि उरलेली चिमूट माझ्या कपाळाला. मग बराच वेळ ते सावलीत बसून राहिले. आजोबांचे नाव त्यांनी घेतले नाही, मीही घेतले नाही.

परतीला दावणगेरेहून सायकली रेल्वेच्या सामानाच्या डब्यात टाकून आम्ही बंगळुरास आलो. मामी दारातच होत्या. त्यांनी आधी मामांना नखशिखान्त न्याहाळले, मग मला. चहा झाला, आणि कप माझ्यासमोर ठेवताना त्या म्हणाल्या, “त्या दिवशी सव्वाचारला तू सांगितलंस, हे चहा घेत आहेत. रात्री यांनी सांगितलं, साडेतीन ते पाच ह्यांचं पंक्चर चाललं होतं आणि तू पुढं लॉज बघायला गेला होतास.” त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा मामांकडे पाहिले. मामा घड्याळाला चावी देत होते, आणि ती सकाळची वेळ नव्हती.